सायकल घ्यायची तर दात मोजून घ्या

मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ मागास तालुक्यांत सुरगाणा येतो. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना या कार्यक्रमातून सायकल मिळते. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या एसटी आहेत. पुढे मुलगी कॉलेजसाठी नाशिकला जाते, बिनदांडीची सायकल मात्र ओट्यावरच राहते. मुलीचा पन्नाशीचा बाप त्या सायकलकडे बघतो, 'पोरींची सायकल' म्हणतो आणि नागलीचं दळण खांद्यावर टाकून गिरणीची वाट धरतो. खरं तर त्या घरात त्या सायकलची सगळ्यात जास्त गरज कोणाला असेल, तर ती त्यालाच.

दांडीच्या सायकलवर टांग मारताना शरीराला काय काय करावं लागतं ते एकदा नीट पाहा. सगळा भार डाव्या पायावर येतो, तोही कलत्या सायकलचा आधार घेऊन. उजवी मांडी एकाच वेळी मागे आणि बाहेर जाते, खुब्याचा सांधा त्याच्या हालचालीच्या टोकापर्यंत ताणला जातो आणि कंबर पुढे वाकते. कॅरियरवर पोतं असेल, तर पाय त्याच्याही वरून न्यावा लागतो. विशीत हे आपसूक होतं. चाळिशीनंतर खुब्याभोवतीचे स्नायू आखडतात, एका पायावर तोल धरण्याची क्षमता हळूहळू उतरते आणि पाय पोत्याला अडकतो. सायकल चालवताना पडणं वेगळं. इथे ती सुरूच झालेली नसते, आणि माणूस उभ्याउभ्या आडवा होतो. उतरतानाही तीच कसरत, फक्त उलट्या क्रमाने आणि दमलेल्या पायांनी. दांडी नसली, की ही कसरतच नको. मग बिनदांडीची सायकल फक्त पोरींची कशी ठरली?

जॉन केम्प स्टार्ली यांनी इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत १८८५ मध्ये 'रोव्हर' सायकल आणली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, हा आजच्या सायकलचा साचा तिच्यामुळे रुळला. त्या दशकाच्या अखेरीस बायकांच्या घोळदार झग्यांसाठी वरची दांडी खाली उतरवली गेली, आणि तेव्हापासून दांडी नसणं म्हणजे बाईपण असं डोक्यात बसलं ते बसलंच. नेदरलँड्समध्ये म्हातारे पुरुषही असल्या सायकलवरून खुशाल भाजी आणायला जातात. आपल्याकडे लुंगी नेसणाऱ्या माणसानेही दांडीचा हट्ट धरावा, हे मला कधी कळलेलं नाही.

दांडी उगाच नसते, हेही खरं. तीन काड्या टोकांना बांधून त्रिकोण केला, तर एखादी काडी मोडल्याशिवाय तो आकार बदलत नाही. चौकोन मात्र बोटाने ढकलला तरी कलतो. दांडीच्या सायकलची चौकट म्हणजे जवळजवळ दोन त्रिकोण. दांडी खाली आणली की पुढचा त्रिकोण बिघडतो, सीटखालच्या नळीला मध्येच वाक सोसावा लागतो आणि सगळी चौकट पिळवटते. म्हणून मागे जड पोतं असलं, की बिनदांडीच्या सायकलचं हँडल डुलायला लागतं. कारखानदार यावर खालची नळी जाड करतात, किंवा हँडलच्या मुळापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत दोन बारीक नळ्या दोन्ही बाजूंनी नेतात.

दुकानात याची परीक्षा करता येते. सायकलच्या बाजूला उभं राहा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीट घट्ट धरा. आपल्याकडचं पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर पाय ठेवून सायकलच्या दिशेने तिरका दाब द्या. पायडलचा आस थोडा हलेलच. पण तो डोळ्याला सहज दिसेल इतका झुलत असेल, तर ती सायकल पिशवीपुरती ठीक, पोत्यासाठी नाही.

एवढं जमलं, तरी सुरगाण्यात खरा प्रश्न पुढेच आहे. हा सगळा मुलूख चढ-उताराचा. बोरगावकडून या, उंबरठाणकडे जा किंवा हतगडच्या अंगाला वळा, पायाखाली सपाट रस्ता फार वेळ राहत नाही. आणि दुकानातल्या बहुतेक साध्या सायकली सपाटीच्या हिशेबाने केलेल्या असतात.

हिशेब मांडून बघू. माणूस ६० किलो, सायकल २० किलो, सामान १० किलो. सपाट रस्त्यावर ताशी १२ किलोमीटरने जायला पायांना चाळीसेक वॅट शक्ती पुरते. आता शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता घ्या आणि वेग निम्मा, म्हणजे ताशी सहा करा. तरीही सुमारे ९० वॅट लागतात, कारण ९० किलोंचं ओझं वर उचलायचं असतं. धडधाकट माणसाला ही शक्ती थोडा वेळ झेपते. अडतं ते दुसरीकडेच.

साध्या सायकलच्या पुढच्या चकतीला समजा ४४ दात आहेत आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. ताशी सहाच्या वेगाला मिनिटात जेमतेम साडेअठरा फेरे होतात आणि पायडलवर सरासरी २७ किलोचा दाब द्यावा लागतो. पायडल आडवं असताना तो चाळीसच्या वर जातो. गुडघा वाकलेला असताना इतका दाब, आणि तो प्रत्येक फेऱ्याला. वाटीचं हाड मांडीच्या हाडावर दाबलं जातं आणि रात्री ते बोलायला लागतं.

पुढे २८ आणि मागेही २८ दात असले, तर त्याच चढावर, त्याच वेगाने, सरासरी दाब ११ किलोवर येतो. फेरे मिनिटाला ४५ होतात. शक्ती तेवढीच लागली, फक्त ती लहान लहान हप्त्यांत दिली. गियरवाल्या सायकलीत 'किती गियर' या आकड्याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. पुढची सगळ्यात लहान आणि मागची सगळ्यात मोठी चकती घ्या आणि दोन्हींचे दात मोजा. बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय कोणी इसार देत नाही, तसंच हे. आकडे सारखे किंवा जवळपास सारखे असले, तर ती सायकल चढाची.

घरात बिनगियरची सायकल आधीच असेल, तर ती टाकून द्यायचं कारण नाही. १८ दातांचं फ्रीव्हील काढून २२ दातांचं बसवलं, की दाब २७ वरून २२ किलोंवर येतो. खर्च किरकोळ, आणि पंक्चर काढणाऱ्याला हे काम येतं. चेनला एखादी कडी जोडावी लागेल, इतकंच. सपाटीवर सायकल थोडी सावकाश पळेल. दळण आणायला कुठे शर्यत लावायची असते?

सीट किती उंच ठेवायची? टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा सरळ व्हावा, इतकी. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्याला हलका वाक राहतो. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून बरेच जण सीट खूप खाली करतात आणि दुखण्याचा दोष सायकलला देतात. बिनदांडीच्या सायकलवर पाय न टेकण्याची भीती बाळगायची गरजच नाही. थांबताना सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय टेकता येतात, मध्ये काही आडवं येत नाही.

ब्रेकबद्दल मात्र मी हट्टी आहे. इथला पाऊस मुसळधार, आणि ओल्या क्रोमच्या रिमवर ब्रेकचं रबर निव्वळ घसरतं. उतारावर रॉडब्रेकची जुनी सायकल पावसात काढणं म्हणजे नशिबावर हवाला. ड्रम किंवा डिस्क ब्रेक घ्यावा, निदान रिम तरी ॲल्युमिनियमची असावी.

बॅटरीची सायकल हा आता खुला पर्याय आहे. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, तर कायद्याने ती मोटारवाहन ठरत नाही. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. चढाला लागणाऱ्या ९० वॅटचा बराचसा भार अशी मोटर सहज उचलते. पण बॅटरी आणि मोटरमुळे सायकलचं वजन काही किलोंनी वाढतं आणि चढावर चार्जिंग संपलं, तर ते वाढीव किलोही पायांनीच ओढायचे असतात. म्हणून दुकानात मोटर बंद करायला सांगा, कॅरियरवर वीस किलोंचं पोतं ठेवायला सांगा आणि जवळचा एखादा चढ चढून या. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.