गच्चीवरचे विमान आणि तिकिटाचा प्रवासी

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या वैमानिकाने सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले आणि मराठी माणसाची छाती फुगली. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. २०१८ मध्ये राज्य सरकारने पालघरमध्ये विमाने बनवण्यासाठी करार केला, तेव्हा बोलणे १९ आसनी विमानाचे होते. २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाण-चाचणीही झाली. पण तिकिटाचा माणूस किंवा भाड्याचा माल न्यायचा असेल, तर खरे काम इथून पुढे सुरू होते.

अशा चाचणीसाठी मिळणारी प्रायोगिक परवानगी त्या एका विमानापुरती असते. प्रवासी वाहतुकीसाठी अख्खा आराखडाच तपासला जातो: एक इंजिन बंद पडले तर काय, भार मागे सरकला तर काय, हजारो उड्डाणांनंतर पंख थकतात का. डॉर्नियर २२८ चे उदाहरण घ्या. हे १९ आसनी जर्मन आराखड्याचे विमान कानपूरला एचएएल ही सरकारी कंपनी अनेक वर्षे लष्करासाठी बनवत होती, तरी तिथे बनलेल्या विमानाला नागरी वापराची मान्यता मिळायला २०१७ उजाडले. बंगळुरूच्या एनएएल या सरकारी प्रयोगशाळेचे १४ आसनी ‘सारस’ २००४ मध्ये उडाले. मार्च २००९ मध्ये हवेत इंजिन बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या चाचणीत त्याचा दुसरा नमुना कोसळला आणि हवाई दलाचे तीन अधिकारी गेले. सरकारी प्रयोगशाळेची ही गत, मग एकट्या माणसाला सूट कोणत्या हिशेबाने द्यायची?

यावर राइट बंधूंचा दाखला हमखास येतो: त्यांना कोणी परवाना विचारला होता? नव्हता विचारला. १९०८ मध्ये ऑरव्हिलच्या विमानाचा पंखा तुटला आणि शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज मेला, हेही त्याच इतिहासात आहे. लालफितीची तक्रार मात्र रास्त आहे. यादवांना नोंदणीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. पण कार्यालयातला विलंब निराळा आणि चाचणीतला कठोरपणा निराळा. पहिला कमी करावा, दुसरा नाही. उलट सरकारी वायुबोगदे आणि चाचणी-यंत्रे अशा धडपड्यांना स्वस्तात खुली करावीत. करारावर सह्या करण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचे ठरेल. आज सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबचा माणूस सोलापूरला जाऊन गोव्याचे विमान पकडतो, तेव्हा तो बसतो ते एटीआर विमान आपल्याकडे नव्हे, फ्रान्समध्ये जोडलेले असते.