गणितासाठी पळीभर तेल

गणिताच्या संशोधनास प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि एकांत एवढ्यावर भागते, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. ग्रंथ व नियतकालिके, जाणकारांशी चर्चा आणि सिद्ध झालेले छापून प्रसिद्ध करण्याची सोय यांवाचून हे कार्य पुढे सरकत नाही, आणि या तिन्ही गोष्टींना नियमित द्रव्य लागते.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथून मुंबईस जाणाऱ्यांना वाटेत डोंबिवली लागते. या स्थानकाच्या ‘डेम्लो’ या जुन्या नावावरून द. रा. कापरेकर यांनी एका संख्याप्रकाराचे नामकरण केले. १६५ ही संख्या घ्या. टोकांच्या १ व ५ यांची बेरीज मधला ६ होय. २५५३ मध्येही २ व ३ यांची बेरीज मधल्या प्रत्येक ५ इतकी भरते. या ‘डेम्लो’ संख्या! कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिक्षक होते. त्यांनी अनेक पुस्तिका स्वतःच प्रसिद्ध केल्या. शिक्षकाच्या वेतनात हे कसे साधले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले. त्यापूर्वीच ते निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना झाली. संस्थापक प्रा. श्रीराम अभ्यंकर (१९३०-२०१२) हे अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात प्राध्यापक व बैजिक भूमितीतील जगन्मान्य संशोधक होते. बीजगणित व संख्या सिद्धांत या शाखांतील संशोधन, परिषदा आणि अध्यापकांसाठी कार्यशाळा हे प्रतिष्ठानचे प्रमुख कार्य. ‘बोना मॅथेमॅटिका’ हे नियतकालिक आणि उच्च गणितावरील पुस्तकेही प्रतिष्ठानने प्रकाशित केली. ग्रंथालयाच्या वाढीस राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे मोठे साहाय्य झाले. १९९२ पासून गणित ऑलिंपियाडच्या विभागीय परीक्षेसाठी महाराष्ट्र व गोवा विभागाचे केंद्र म्हणून प्रतिष्ठानला मान्यता मिळाली; त्यातून पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलांना शिकविण्याचे काम उभे राहिले. आमच्या मते संशोधनाइतकेच हे कार्य मोलाचे आहे, कारण छापण्याजोगे काही सुचणारी मुले आधी घडावी लागतात.

अशी संस्था आपल्याकडे नवीन मात्र नव्हे. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला होता. तेथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात निकुंभ वंशातील सोइदेवाने या मठास दिलेले दान नोंदलेले आहे. लेख बहुतांशी संस्कृतात आहे. शेवटच्या मराठी ओळींत बाजारातील व्यवहारांतून मठास मिळणारा वाटा सांगितला असून, गावातील प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल द्यावे, असेही त्यात नमूद आहे.