शिदोरी आणि सामने

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. टेनिसच्या खेळाडूस तिचा प्रत्यय दर आठवड्यास येतो. विम्बल्डनचे सुवर्णपात्र उंचावणारा विजेता आपण वृत्तपत्रांत पाहतो. परंतु क्रमवारीत दोनशेच्या किंवा पाचशेच्या पुढे असलेला खेळाडू कोणत्या गावी, कोणाच्या पैशावर खेळत असतो, ह्याचा विचार आपल्या मनात सहसा येत नाही.

सर्वांत खालच्या पायरीवरील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांसाठी एकंदर १५,००० डॉलरची बक्षिसे असतात. एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती त्यांतले सुमारे दीडशे डॉलर पडतात. त्यांत विमानभाडे तर नाहीच, चार दिवसांचा निवासखर्चही भागत नाही. मिळविलेले गुणही बावन्न आठवड्यांनी गळून पडतात, म्हणून वर्षभर हिंडणे चुकत नाही. २०२३ मध्ये सुमित नागल हा एकेरीत भारताचा अव्वल खेळाडू होता. वर्षाचा खर्च एक कोटी रुपयांच्या घरात जातो आणि आपल्या खात्यात अवघे नऊशे युरो उरले आहेत, असे त्याने त्या वर्षी जाहीरपणे सांगितले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्याच खेळाडूने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित बुब्लिकला हरविले. अव्वल खेळाडूची ही स्थिती, तर त्याच्या खालच्यांची काय असेल, हे वाचकांनीच ताडावे.

तथापि पैसा हा अर्धाच प्रश्न होय. संस्कृतात 'अभ्यास' हा शब्द 'अभि' आणि 'अस्' ह्यांपासून झाला. 'अस्' म्हणजे फेकणे. पुन्हा पुन्हा फेकणे, हा त्यातील मूळ भाव. पण भिंतीवर हजार वेळा चेंडू मारणे निराळे आणि गुणफलक प्रतिकूल असता समोरच्या अनोळखी प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखणे निराळे. घरी पाठांतर करणारा विद्यार्थी परीक्षेच्या दालनात गोंधळतो, हे आम्ही शिक्षकांनी पुष्कळ पाहिले आहे. टेनिसच्या स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. जिंकणाऱ्यास आठवड्यात पाच सामने मिळतात, हरणाऱ्यास एकच. म्हणजे ज्याला सरावाची गरज अधिक, त्याच्याच वाट्यास सामने कमी!

ह्या उलट आमच्या सावित्रीच्या खोऱ्यातील कबड्डी पाहावी. भातकापणी आटोपली की महाड-पोलादपूरच्या गावोगावी जमीन चोपून मैदाने तयार होतात. गावकरी आणि मुंबईचे चाकरमानी वर्गणी काढतात आणि जत्रेच्या निमित्ताने सामने रंगतात. येथेही बादच पद्धत. पण आज हरलेला संघ पुढच्या रविवारी टेंपोत बसून शेजारच्या गावी पुन्हा उभा राहतो. त्या मुलांस कोणी विद्यावेतन देत नाही; त्यांस सामने मिळतात, आणि तेही दारात. टेनिसला उणे आहे ते हेच.

खाशाबा जाधवांस १९५२ साली हेलसिंकीस पाठविण्यासाठी लोकांनी वर्गणी दिली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि कांस्यपदक आले. तो त्याग वंदनीय. पण तो एका प्रवासापुरता होता. टेनिसपटूस असा प्रवास वर्षातून वीस-पंचवीस वेळा घडतो. दर वेळी कोणी घर गहाण ठेवावे?

इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या शिलकीचा नव्वद टक्के भाग तेथील टेनिस संघटनेस मिळतो. तरीही कॅमेरॉन नॉरी हा ब्रिटिश खेळाडू अमेरिकेतील विद्यापीठातून घडला आणि २०२२ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचला. आपले पुण्याचे अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात, तर ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळल्या. ऋतुजांनी २०२३ मध्ये रोहन बोपण्णांसह आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. तेथे शिक्षण, भोजन आणि मार्गदर्शन ह्यांचा भार विद्यापीठ बऱ्याच अंशी उचलते, आणि हंगामात संघाचे सामने सतत चालू असतात. शिदोरी आणि सामने एकाच ताटात!

वरंधा घाट ओलांडून भोरमार्गे आम्ही पुण्यास जातो. तेथे बालेवाडीस २०१८ ते २०२३ ह्या काळात मोठी जागतिक स्पर्धा पाच वेळा भरली. २०१८ मध्ये कढे ह्यांस तीत विशेष प्रवेश मिळाला होता. नंतर ती स्पर्धा परदेशी गेली. मोठ्या स्पर्धेचा झगमगाट गेल्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. लहान स्पर्धा मात्र वाढल्या पाहिजेत. घराजवळच्या स्पर्धेत विमानभाडे वाचते, घरचे अन्न मिळते, आणि पराभूतांसाठी साखळी सामने ठेविल्यास रिकामा आठवडाही सत्कारणी लागतो.

म्हणून धनिकांस आणि पालकांस आमची विनंती एवढीच. विजयी खेळाडूस चांदीची ढाल अवश्य द्यावी. पण तत्पूर्वी, पहिल्या फेरीत हरलेल्या मुलास दुसऱ्या दिवशी खेळावयास एक सामना द्यावा. वर्गणी काढून सामने भरविण्याची रीत कोकणातल्या खेड्यांस ठाऊक आहे. शहरांनी ती उचलण्यास कोणती अडचण आहे?