शीतयुद्धाला पिंगपाँगची सर्व्हिस!

माहीत आहे का, अमेरिका आणि चीनची वीस वर्षांची कट्टी सुटायला एक चुकलेली बस कामी आली?

स्थळ : नागोया, जपान. एप्रिल १९७१. टेबल टेनिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप. ग्लेन कोवान हा १९ वर्षांचा, लांब केसांचा अमेरिकी हिप्पी पोरगा आपली बस चुकल्याने थेट चिनी संघाच्या बसमध्ये चढला. आत चिडीचूप! अमेरिकी माणसाशी बोलायचं म्हणजे मायदेशी चौकशीची भीती. पण मागच्या सीटवरून उठला झुआंग झेडाँग, तीन वेळचा विश्वविजेता. सहकारी नको नको म्हणत असतानाच त्याने हुआंगशान पर्वताचं रेशमी चित्र कोवानच्या हातात ठेवलं. परतभेट द्यायला कोवानने बॅग उपसली. निघालं काय? कंगवा! शेवटी दुसऱ्या दिवशी शांततेचं चिन्ह छापलेला टी-शर्ट देऊन त्याने फिट्टंफाट केली.

आता खरा मसाला. अमेरिकी संघाला चीनमध्ये बोलवायचं की नाही? आधी ठरलं, नाही. मग चीनचे सर्वेसर्वा माओ यांच्या नर्सने पुढे सांगितलेला किस्सा ऐका. झोपेच्या गोळ्या घेऊन पेंगुळलेल्या माओंनी रात्री अचानक फर्मान सोडलं : बोलवा त्यांना! पंचाईत अशी की गोळ्यांनंतरचं माझं बोलणं धरायचं नाही, हा त्यांचाच नियम. नर्सबाईंनी पुन्हा विचारून खात्री केली आणि मगच फोन लावला.

१४ एप्रिलला पंतप्रधान चौ एन-लाय यांनी बीजिंगमध्ये खेळाडूंची भेट घेतली. कोवानने त्यांना काय विचारावं? हिप्पींबद्दल आपलं मत काय! त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी चीनशी व्यापारावरचे निर्बंध सैल केले.

थांबा, सगळं क्रेडिट चेंडूला देऊ नका हं! १९६९ मध्ये चीन आणि सोव्हिएत सैन्य सीमेवर भिडलं होतं, त्यामुळे दोन्ही सरकारं आधीपासूनच चाचपणी करत होती. अडचण होती ती कालपर्यंतच्या शत्रूशी हसून बोलायचं कसं, याची. जनतेने आधी खेळाडूंना हसताना पाहिलं आणि नेत्यांचं काम सोपं झालं.

आणि निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर? जुलैमध्ये पाकिस्तानात त्यांनी पोटदुखीचं सोंग घेतलं आणि गुपचूप बीजिंग गाठलं. शाळेला दांडी मारायचा हा जुना फॉर्म्युला जागतिक राजकारणातही हिट!

१९७२ मध्ये निक्सन चीनला जाऊन आले आणि वॉशिंग्टनला दोन पांडा पोचले. बदल्यात अमेरिकेने काय दिलं? मिल्टन आणि माटिल्डा, कस्तुरी बैलांची जोडी. क्यूटनेसमध्ये चीन एकतर्फी जिंकला, असं आमचं स्पष्ट मत.

मॉस्कोही मागे नव्हता. अंतराळात जाऊन आलेल्या स्ट्रेल्का या कुत्रीचं पिल्लू पुशिंका १९६१ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकी अध्यक्ष केनेडी यांच्या कुटुंबाला पाठवलं. अमेरिकेने आधी काय तपासलं? पिसवा नव्हे, लपवलेले मायक्रोफोन! पुढच्याच वर्षी क्यूबात क्षेपणास्त्रांचं संकट उभं राहिलं, म्हणजे पिल्लांनाही मर्यादा असतात. पुढच्याच वर्षी क्यूबात क्षेपणास्त्रांचं संकट उभं राहिलं, म्हणजे पिल्लांनाही मर्यादा असतात.

आपल्याकडे? १९८७ मध्ये सीमेवर फौजा समोरासमोर असताना पाकिस्तानचे झिया-उल-हक जयपूरला टेस्ट मॅच बघायला हजर!

आणि सोलापूरकरांनो, कॉलर टाइट करा. १९३८ मध्ये चीनला गेलेले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिथेच रुग्णसेवा करताना वारले. १९६२ च्या भारत-चीन युद्धानेही त्यांचा मान कमी झाला नाही. भारतात आलेल्या चीनच्या अनेक बड्या नेत्यांनी वेळ काढून कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली.