पाच ताऱ्यांमागचे मत

स्मार्टफोनसाठी अ‍ॅप तयार करणे आज तुलनेने सोपे झाले असले, तरी ते लोकांपर्यंत पोहोचवणे आणि पोहोचल्यावर त्यांचा विश्वास टिकवणे हे काम पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. अ‍ॅपल कंपनीचे अ‍ॅप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुरू झाले तेव्हा त्यात सुमारे ५०० अ‍ॅप्स होती; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गूगलने अँड्रॉइड मार्केट उघडले आणि मार्च २०१२ मध्ये त्याचे नाव गूगल प्ले असे बदलले. आता या दोन्ही ठिकाणची अ‍ॅप्सची संख्या लाखांत मोजावी लागते, आणि दुकानाचा हिशेब, पंचांग, बसचे वेळापत्रक किंवा पिकांचे बाजारभाव यांपैकी कोणतीही गरज घेतली, तरी ती भागवणारी अनेक अ‍ॅप्स शेजारीशेजारी उभी दिसतात. अ‍ॅप बनवणारी व्यक्ती किंवा संस्था, म्हणजेच विकसक, ग्राहकाला अनोळखी असतो आणि अ‍ॅप वापरल्याशिवाय त्याचा दर्जा कळत नाही. म्हणून ग्राहक आधीच्या वापरकर्त्यांनी दिलेले तारे आणि त्यांखालच्या चार ओळी पाहून निर्णय घेतो. एक ते पाच ताऱ्यांच्या या गुणांना मानांकन आणि त्यासोबतच्या मजकुराला अभिप्राय म्हटले जाते. अ‍ॅपच्या प्रसारात या दोहोंना इतके महत्त्व आले आहे, की ते मिळवण्याचे एक स्वतंत्र तंत्रच उभे राहिले असून, त्यातला कोणता प्रयत्न रास्त आणि कोणता फसवा, हा प्रश्न विकसकाइतकाच सामान्य ग्राहकाच्याही हिताचा आहे.

प्रसाराची पहिली पायरी म्हणजे अ‍ॅप शोधणाऱ्याला ते सापडणे. त्यासाठी केल्या जाणाऱ्या मांडणीला अ‍ॅप स्टोअर ऑप्टिमायझेशन म्हणतात. अ‍ॅपचे नाव, वर्णन, बोधचिन्ह आणि पडद्यांची चित्रे अशी रचणे, की योग्य माणसाच्या शोधात ते वर यावे, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही स्टोअरमध्ये नावाला ३० चिन्हांची मर्यादा आहे, गूगल प्लेवर लघुवर्णनाला ८० आणि सविस्तर वर्णनाला ४,००० चिन्हांची मुभा मिळते, तर अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये शोधशब्दांसाठी १०० चिन्हांची वेगळी जागा असते. मराठी वापरकर्त्यांसाठी अ‍ॅप बनवणाऱ्याला यात एक जास्तीची अडचण येते, कारण एकच शब्द कोणी देवनागरीत टाइप करतो, कोणी रोमन लिपीत, तर कोणी त्याचा इंग्रजी पर्याय शोधतो. गूगल प्लेवर अ‍ॅपचे वर्णन मराठीतही देण्याची सोय असूनही ते केवळ इंग्रजीत ठेवणारा विकसक आपल्या हक्काच्या वाचकाला दारातूनच परत पाठवतो. मात्र ही सगळी मांडणी ग्राहकाला पानापर्यंत आणते. तिथून पुढे अ‍ॅप उतरवून घ्यायचे की मागे फिरायचे, हे बहुतेक वेळा ताऱ्यांवर ठरते.

या ताऱ्यांचे गणित नवख्या अ‍ॅपच्या बाबतीत फार कठोर असते. समजा, एखाद्या अ‍ॅपला २० जणांनी मानांकन दिले आहे आणि त्याची सरासरी ४.५ आहे, अशा वेळी एकाच नाराज ग्राहकाने एक तारा दिला, तर साधी सरासरी ४.३ वर घसरते. तेच अ‍ॅप २०,००० मानांकनांचे असते, तर त्या एका ताऱ्याने सरासरीत जाणवण्याजोगा फरक पडला नसता. म्हणून सुरुवातीच्या काळात विकसक अभिप्रायांसाठी उतावीळ होतो, आणि वाट चुकण्याचा धोकाही याच काळात सर्वाधिक असतो.

अभिप्राय मागणे हे मुळात गैर नाही, किंबहुना ते आवश्यक आहे. ज्याचे काम बिनबोभाट होते तो वापरकर्ता अ‍ॅप बंद करून आपल्या उद्योगाला लागतो. ज्याचे पैसे अडकले किंवा ज्याची नोंद पुसली गेली, तो मात्र तावातावाने लिहायला बसतो. ऑनलाइन अभिप्रायांच्या अभ्यासकांना अनेक ठिकाणी असे आढळले आहे, की मते मधल्या गुणांभोवती न जमता दोन टोकांना साचतात: पाच ताऱ्यांचा मोठा ढीग, एका ताऱ्याचा त्याहून लहान ढीग आणि मध्ये विरळ वस्ती. आपण होऊन आलेली मते अशी एकांगी असल्याने, एरवी गप्प राहणाऱ्यांना बोलते करणे म्हणजे चित्र अधिक खरे करणे होय. अट एवढीच, की विचारणा सगळ्यांना सारखी व्हावी.

ही अट चुकवण्याची एक प्रचलित युक्ती आहे. अ‍ॅप आधी विचारते, ‘अनुभव कसा वाटला?’, ‘छान’ म्हणणाऱ्याला स्टोअरमध्ये तारे द्यायला पाठवले जाते, तर ‘वाईट’ म्हणणाऱ्याची तक्रार खासगी अर्जात घेऊन तिथेच थांबवली जाते. या चाळणीला रिव्ह्यू गेटिंग असे नाव आहे. त्यात एकही अभिप्राय खोटा नसतो, तरी सगळे मिळून जे चित्र उभे करतात ते खोटे असते. तिला आळा घालण्यासाठी स्टोअरनी मानांकनाची चौकट स्वतःच्या हाती घेतली. अ‍ॅपलने मार्च २०१७ मधील आयओएस १०.३ या आवृत्तीपासून अ‍ॅपमध्येच तारे देण्याची प्रमाणित खिडकी दिली आणि ती एका वापरकर्त्याला ३६५ दिवसांत जास्तीत जास्त तीन वेळाच दिसेल, असे बंधन घातले. गूगलने तशीच सोय ऑगस्ट २०२० मध्ये आणली आणि त्या खिडकीआधी मत आजमावणारा प्रश्न विचारू नये, अशी सूचना विकसकांना दिली. मानांकनाच्या मोबदल्यात पैसे, सवलत किंवा खेळातली नाणी देणे दोन्ही ठिकाणी निषिद्ध आहे.

या चौकटीत विकसकाच्या हाती उरते ती वेळेची निवड, आणि ती सर्वांत परिणामकारक ठरते. अ‍ॅप प्रथमच उघडले जात असताना किंवा वीजबिल भरण्याच्या मध्यावर तारे मागणे म्हणजे वापरकर्त्याचा राग ओढवून घेणे. याउलट बिल भरून पावती मिळाल्यावर, धडा पूर्ण झाल्यावर किंवा महिनाभराचा हिशेब जुळल्यावर विचारले, तर त्याच्याजवळ सांगण्यासारखा अनुभव असतो आणि दोन मिनिटांची सवडही असते.

अभिप्राय आल्यावर त्याला दिलेले उत्तर हाही प्रसाराचाच भाग आहे, पण तो बहुधा दुर्लक्षित राहतो. गूगल प्लेवर विकसकाला ३५० चिन्हांत जाहीर उत्तर देता येते आणि अ‍ॅपलनेही २०१७ मध्ये ही सोय सुरू केली. लिहिणाऱ्याला आपला अभिप्राय आणि तारे नंतर बदलता येत असल्याने, नेमका दोष मान्य करून तो दूर केल्याचे कळवणारे उत्तर एका ताऱ्याचे चार करू शकते. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे ठरावीक वाक्य सगळ्यांना चिकटवले, तर मात्र आपले वाचलेच गेले नाही, हे तक्रारदाराला लगेच समजते. शिवाय असे उत्तर वाचणारा खरा वाचक तक्रारदार नसून, अ‍ॅप घ्यावे की नाही या विचारात असलेला तिसराच माणूस असतो. गूगलने २०१९ पासून मानांकनाच्या हिशेबात अलीकडच्या मतांना अधिक वजन देणे सुरू केले आणि २०२१ पासून ग्राहकाला त्याच्या देशातले मानांकन दाखवण्यास सुरुवात केली. यामुळे जुन्या पुण्याईवर निभावणे कठीण झाले, तसेच अ‍ॅप सुधारणाऱ्याला जुना डाग पुसण्याची संधीही मिळाली.

ज्यांना ही वाट लांबची वाटते ते मते विकत घेतात. या व्यवहाराचा पसारा किती मोठा आहे, याची कल्पना अ‍ॅपलनेच जाहीर केलेल्या आकड्यांवरून येते: २०२२ मध्ये कंपनीने तपासलेल्या १०० कोटींहून अधिक मानांकन-अभिप्रायांपैकी १४ कोटी ७० लाखांहून अधिक फसवे ठरवून रोखले. ‘घरबसल्या पाच तारे द्या आणि पैसे मिळवा’ असे व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर येणारे संदेश याच बाजाराचा आभास निर्माण करतात. महाराष्ट्रासह देशभर अशा ‘टास्क फ्रॉड’च्या तक्रारी नोंदल्या गेल्या असून, त्यांत आधी थोडी रक्कम खरोखर देऊन विश्वास संपादन केला जातो आणि मग मोठ्या कमाईच्या आमिषाने अनामत रक्कम उकळली जाते. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तातडीने करता येते.

खोट्या स्तुतीइतकाच खोट्या निषेधाचाही प्रश्न आहे. एखाद्या वादावरून असंख्य लोकांनी एकाच वेळी एक तारा देण्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात, आणि भारताला त्याचा चांगलाच परिचय आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान यांच्या एका वक्तव्यावरून, ते ज्याच्या जाहिराती करत होते त्या स्नॅपडीलच्या अ‍ॅपवर लोकांनी राग काढला. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांनी भारताबद्दल तुच्छतेने उद्गार काढल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला. कंपनीने तो फेटाळला, तरी स्नॅपचॅटवर एका ताऱ्याच्या मानांकनांची बरसात झाली आणि नामसाधर्म्यामुळे काहींनी स्नॅपडीललाही पुन्हा झोडपले. मे २०२० मध्ये टिकटॉकचे मानांकन काही दिवसांत दोनच्याही खाली गेले आणि गूगलला लाखो अभिप्राय काढून टाकावे लागले. राग रास्त असो वा नसो, अशा ताऱ्यांतून अ‍ॅप नीट चालते का, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि त्याच उत्तरासाठी आलेला ग्राहक रिकाम्या हाती परततो.

कायद्याचे लक्षही आता या क्षेत्राकडे वळले आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणले. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत याचे नियम त्यात आहेत, मात्र ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्न, म्हणजे वापरकर्त्याला नकळत नको त्या निवडीकडे ढकलणाऱ्या रचना, यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि असे १३ प्रकार नोंदवले. वारंवार विनंत्या करून भंडावून सोडणे हा त्यांपैकीच एक असल्याने, ‘नको’ म्हटल्यावरही दर वेळी काही ना काही मागत राहणाऱ्या अ‍ॅपचे वर्तन आता निव्वळ अशिष्टपणा म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही २०२४ मध्ये बनावट अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम केला.

नियम कितीही झाले, तरी अभिप्रायांची विश्वासार्हता अखेर वाचणाऱ्याच्या आणि लिहिणाऱ्याच्या सवयींवर अवलंबून राहते. वाचणाऱ्याने एकूण सरासरीवर न थांबता अलीकडचे अभिप्राय पाहावेत, दोन ते चार तारे देणाऱ्यांचा मजकूर आवर्जून वाचावा आणि एकाच दिवशी एकाच साच्यात आलेल्या स्तुतीकडे संशयाने पाहावे. लिहिणाऱ्याने ‘मस्त’ किंवा ‘भिकार’ एवढ्यावर न थांबता कोणते काम करताना, कोणत्या फोनवर, काय घडले हे सांगावे आणि दोष दुरुस्त झाल्यावर आपले मत बदलण्याचे कष्टही घ्यावेत. बँक खात्याचा तपशील किंवा फोन क्रमांक मात्र तिथे कधीही लिहू नये. विकसकाला तर असा नेमका अभिप्राय फुकट मिळालेल्या तपासणी अहवालासारखा उपयोगी पडतो, मग तारे तीनच का असेनात. अभिप्राय हे एका ग्राहकाने दुसऱ्या अनोळखी ग्राहकासाठी ठेवलेले मत असते आणि विकसक त्यात केवळ मध्यस्थ असतो. ज्याला ही भूमिका उमगली आहे, तो तारे गोळा करण्यापेक्षा ते मिळावेत असे काम करण्यावर आणि मग सर्वांना मोकळेपणाने विचारण्यावर भर देतो.