एंजिनांतील सेन्सरांचा वीजपुरवठा : दोष कसा शोधावा

चार वाफ्यांपैकीं एकच कोरडा राहिला, तर शेतकरी त्या वाफ्याचें तोंड पाहतो. चारही एकदम कोरडे दिसले, तर वाफ्यांशीं वेळ न दवडतां तो थेट दांडावर जातो. हाच नियम विजेच्या नियंत्रणाखालीं चालणाऱ्या एंजिनासहि लागू पडतो. त्याचें एक बोधप्रद उदाहरण विमानविद्येंत आहे.

ता. ४ मार्च २००७ रोजीं जर्मनींतील स्पायर येथून डायमंड डी. ए. ४२ जातीच्या विमानानें उड्डाण केलें. त्यास दोन डीझेल एंजिनें होतीं व प्रत्येक एंजिनास दोन नियंत्रक पेट्या होत्या. एक बिघडल्यास दुसरीनें काम संभाळावें, अशी योजना. परंतु विमानाची बॅटरी उतरलेली होती. म्हणून पहिलें एंजिन बाहेरील विजेवर सुरू केलें, आणि दुसरें पहिल्याच्या अल्टर्नेटरवर. हें पुस्तिकेंतील सूचनेविरुद्ध होतें. उड्डाण होऊन चाकें वर घेण्याची मोटर चालू होतांच विजेचा दाब क्षणभर खालीं गेला. त्यासरशीं पेट्यांचें काम खंडित झालें, पंख्यांचीं पातीं वाऱ्यास समांतर वळलीं आणि दोन्ही एंजिनें बंद पडलीं. विमान तसेंच खालीं उतरवावें लागलें. पेट्या चार होत्या. पण त्यांचा मूळ आधार असलेली बॅटरी एकच होती. पुढें अशा विमानांत पेट्यांकरितां राखीव बॅटऱ्या बसविण्यांत आल्या.

आमच्या वाचकांस याचें अगत्य असण्याचें कारण असें कीं, १ जानेवारी २०२३ पासून भारतांत ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुरासंबंधीं कडक नियम लागू झाले, व त्यामुळें अनेक ट्रॅक्टरांत अशीच नियंत्रक पेटी आली आहे. विमान असो वा ट्रॅक्टर, तिची रचना सामान्यतः सारखीच असते. दाब मोजणाऱ्या सेन्सरास बहुधा तीन तारा असतात : एक पुरवठ्याची, एक परतीची व एक संदेशाची. पेटी बॅटरीच्या विजेंतून ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा तयार करून तो अनेक सेन्सरांस एकाच तारेनें वांटते. त्यांपैकीं एक सेन्सर आंतून जळाला, किंवा ती तार घासून लोखंडास टेकली, तर त्या तारेवरील सर्व सेन्सर मुके होतात. मग दर्शकावर तीनचार दोष एकदम झळकतात, आणि अजाण कारागीर एकामागून एक महाग सेन्सर बदलीत सुटतो.

दोष शोधण्याचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

१. प्रथम बॅटरी पाहावी. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी विश्रांतींत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. तिचे जोड व एंजिनाची अर्थिंग स्वच्छ व घट्ट असावी.

२. किल्ली बंद करून एका सेन्सराचा कपलर काढावा. मग किल्ली फिरवून, एंजिन न चालवितां, पुरवठ्याच्या व परतीच्या तारेमध्यें मीटर लावावा. ५ व्होल्टच्या आसपास दाब मिळाला पाहिजे. या तारांमध्यें तो न मिळतां बॅटरीच्या ऋण टोंकाशीं मोजल्यास मिळाला, तर परतीची तार तुटली आहे असें समजावें.

३. दाब कोठेंच न मिळाल्यास त्याच तारेवरील इतर सेन्सर एकेक करून सोडवावे, व प्रत्येक वेळीं किल्ली बंद करून पुन्हां फिरवावी. ज्याचा कपलर निघतांच ५ व्होल्ट परत येतील, तोच अपराधी.

४. सर्व सेन्सर सोडवूनहि दाब न आल्यास बॅटरीचा जोड व पेटीचा कपलर काढून ती तार लोखंडास टेकली आहे काय, तें ओहममापकानें पाहावें. पट्टीखालीं, तप्त धुराड्याजवळ व उंदरांनीं कुरतडलेल्या जागीं विशेष लक्ष द्यावें. पेटी दोषी ठरविणें सर्वांत शेवटीं.

मीटरऐवजीं दिव्यानें तपासूं नये. दिवा पेटीस झेपणार नाहीं इतका प्रवाह ओढतो. तारेंत टांचणी खुपसूं नये; त्या छिद्रांतून पाणी शिरून तार आंतून गंजते. विमानाचें हें काम परवानाधारक यंत्रज्ञाचेंच होय. ट्रॅक्टर हमीच्या मुदतींत असल्यास स्वतः तारा न उलगडतां कोणते दोष एकदम दिसले, तें लिहून ठेवावें व कारागिरास सांगावें.

पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला, म्हणजे प्रत्येक दिवसाचें मोल पिकांतून द्यावें लागतें. म्हणून अनेक दोष एकदम दिसतांच नवा भाग मागविण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा : या सर्वांस पुरवठा कोठून होतो? वाफ्यांकडे नव्हे, दांडाकडे पाहावें.