पाण्याची पाळी, अभ्यासाची पाळी



ऊस विकास विभागाच्या सदरात या खेपेला बेणे-खत सोडून शाळेचा विषय कसा, असे आपणांस वाटेल. पण गाळपाचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र एकाच वेळी चालते. तोड आली की नववी-दहावीतला पोरगा वाढे बांधायला घरी राहतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा दारात उभी असते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

गेल्या वर्षी अंबड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेने आम्हांस नववीच्या वर्गापुढे खतांवर बोलण्यास बोलाविले. आम्ही ४० मिनिटे बोललो. पोरे गप्प बसून ऐकत होती. वाटले, सगळे डोक्यात उतरले. शेवटी विचारले, "युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र किती?" एकही हात वर आला नाही. चूक पोरांची नव्हती, आमची होती. सभासदांना आम्ही नुसते भाषण देत नाही, प्लॉटवर नेऊन सरीत उभे करतो. शाळेत नेमके तेच विसरलो.

दुसऱ्या खेपेला गणिताचे गुरुजी आणि आम्ही टेप व दोरी घेऊन वर्ग शेजारच्या रानात नेला. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. चार फुटी सरी आणि दोन फुटांवर एक रोप, तर एकरी रोपे किती? पोरांनी मातीत काडीने हिशेब मांडून ५,४४५ हा आकडा काढला. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे गोणीत २०.७ किलो, हेही मग आपसूक आले. एका सभासदाच्या मुलीने घरी जाऊन रान मोजले. वडील ज्याला एकर म्हणत होते ते ३४ गुंठेच भरले. सहा गुंठ्यांचे खत दरसाल जादा पडत होते!

करता करता शिकण्याची ही रीत नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला आणि शेती, वर्कशॉप, ऊर्जा, आरोग्य यांची कामे माध्यमिक शाळेच्या शिक्षणात आणली. आपल्या घनसावंगी तालुक्यातील जांबचे समर्थ रामदास यांनीही दासबोधात लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वळण एकसारखे हवे, इथपर्यंत बारकावे त्यात आहेत.

पण एकदा कळलेले टिकवायचे कसे? महिन्याचे पाणी एकाच दिवशी सोडले तर ऊस पोसत नाही. पाळीनेच द्यावे लागते. अभ्यासाचेही तसेच. जर्मनीतील एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःच्या स्मरणशक्तीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते, असे त्यांत दिसले. म्हणून आजचा धडा उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा घ्यावा. तोही नुसता वाचून नव्हे. पुस्तक मिटावे, आठवेल ते वहीत लिहावे, मग पुस्तक उघडून ताळा पाहावा. जे आठवले नाही, तेवढेच पुन्हा वाचावे.

यात अक्षरओळख नसलेल्या आईबापांनाही हात देता येतो. संध्याकाळी धार काढताना पोराला एवढेच म्हणावे, "आज काय शिकलास, मला समजावून सांग." सांगता सांगता त्याचाच धडा पक्का होतो.

शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीचा भार घरावरच येतो. तेव्हा तोडीच्या दिवसांत पोराला घरी ठेवू नये. ठेवावेच लागले तर वर्गातला एक जोडीदार ठरवून द्यावा. त्याने रोजचा धडा सांगावा. सांगणाऱ्याचाही फायदाच होतो. परतूर-मंठा भागातून तोडीला बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची मुले मागे राहतात किंवा परत येतात, त्यांनाही असा जोडीदार मिळवून द्यावा.

ज्या सभासदांना जवळच्या शाळेसाठी एक गुंठा रान द्यायचे असेल, त्यांनी गट ऑफिसात नाव नोंदवावे, ही नम्र विनंती. टेप आणि दोरी आम्ही घेऊन येतो.

— ऊस विकास अधिकारी